टाकी ९६ टक्के भरलेली असताना पाणी न येण्याबाबत

पाणी आहे की नाही हे नळ सोडून बघायचं, ही पद्धत मानवजातीने गरजेपेक्षा फार काळ चालवली. ठाकुर्लीतल्या आमच्या शुभंकर सोसायटीने ती मार्चमध्ये बंद केली. आता गच्चीवरच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह ऑफिसातल्या सर्व्हरवरून चालतात आणि सर्व्हर ब्राउझरमधून चालतो. त्याचा पत्ता उद्घाटनाच्या दिवशी कंपनीच्या माणसाने पडद्यावर दाखवला. सेक्रेटरी श्रीपाद यांनी तो तिथल्या तिथे उतरवून घेतला, सर्वसाधारण सभेने एकमताने मंजूर केला, आणि आता तो लॅमिनेट होऊन भिंतीवर आहे. (सर्व्हरला त्या दिवशी वाहिलेलं हळदकुंकू अजून त्याच्या पंख्याच्या जाळीत आहे.)

बी विंगमध्ये सोमवारपासून पाणी नाही, असं बी विंगचं म्हणणं आहे. समितीने गुरुवारी केलेली तपासणी पुढीलप्रमाणे.

पायरी १. पत्ता वरच्या पट्टीत टाकावा. श्रीपाद यांनी तो आधी शोधायच्या चौकटीत टाकला. ठाकुर्लीतले विक्रीला असलेले एकशे चौदा फ्लॅट दिसले. सगळ्यांना चोवीस तास पाणी होतं. समितीला हुरूप आला.

पायरी २. ब्राउझरचा इतिहास पुसावा. अध्यक्ष आनंद यांनी पुसला. (यात सोसायटीचा इतिहास जाणार नाही, असं आधी लेखी घेतलं.)

पायरी ३. दुसऱ्या यंत्रावर बघावं. ऑफिसचा कॉम्प्युटर, आनंद यांचा लॅपटॉप, खजिनदार उत्तराताईंचा मोबाईल. तिन्हीकडे एकच: बी विंग टाकी ९६ टक्के, व्हॉल्व्ह उघडा. एका बाजूला तीन यंत्रं, दुसऱ्या बाजूला वीस घरांचे नळ. यंत्रांचा यात कसलाही स्वार्थ नाही.

पायरी ४. गच्चीवर जाऊन टाकीत डोकावणे. (जुनी पद्धत. रद्द.)

पायरी ५. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू

इथे व्यत्यय आला. बी-४०२ च्या विमलाबाई काठी टेकत आत आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झालेले. मागून सून प्राची, हातात रिकामी बादली.

“श्रीपाद, तुझ्या त्या डब्यात पाणी आहे म्हणे?”

“शहाण्णव टक्के, काकू. हे बघा ना.”

“मग ही बादली लाव त्याला. चार दिवस ही पोर ए विंगमधून पाणी आणून चार जिने चढतेय. उद्यापासून तिची रजा संपली. मग काय तू चढवणारेस?”

(लिफ्टमध्ये भरलेली बादली नेण्यास मनाई आहे. ठराव क्रमांक ९.)

प्राची ठाण्यातल्या एका कंपनीत सर्व्हरच सांभाळते. हे तिने मार्चच्या सभेतही सांगितलेलं. इतिवृत्तात ‘सूनबाईंनी चहा दिला’ अशी नोंद आहे.

“काका, पत्त्याच्या शेवटी ‘डेमो’ आहे. हे नमुन्याचं पान आहे. इथे जन्मभर शहाण्णवच दिसणार.”

“अगं, पण सभेने मंजूर केलंय ते!”

तिने शेवटचा शब्द खोडला. वेगळं पान उघडलं, त्याने पासवर्ड मागितला. कंपनीने दिलेला ‘अ‍ॅडमिन’ तसाच होता. (बदलण्याचा विषय दिवाळीनंतरच्या सभेत घ्यायचं ठरलेलं.) बी विंग टाकी ३ टक्के. व्हॉल्व्ह बंद. तिने तो उघडला. थोड्या वेळाने गच्चीवर धो धो आवाज झाला.

“चल गं,” विमलाबाई म्हणाल्या, “यांना बघू दे टीव्ही.”

निष्कर्ष: मंजूर पत्त्यावर टाकी त्या आवाजाआधी ९६ टक्के होती, नंतरही ९६ टक्केच आहे. म्हणजे प्राची यांच्या कृतीने काहीही फरक पडलेला नाही. नामंजूर पत्त्यावर गेल्याबद्दल त्यांना नोटीस देण्यात येत आहे. पासवर्ड मात्र तातडीने बदलला आहे, आणि चौकशी होईपर्यंत व्हॉल्व्ह मूळ स्थितीत, म्हणजे बंद, ठेवला आहे.

कोणाची हरकत असल्यास ती मंजूर पत्त्यावरच नोंदवावी. तिथे ‘पाठवा’ दाबलं की ‘धन्यवाद’ असं येतं. मार्चपासून आजवर तिथे एकही तक्रार जमा झालेली नाही.

हे पत्रक शेवटपर्यंत वाचणाऱ्याची त्याला संमती आहे, असं धरलं जाईल. बी विंगच्या लोकांचं वाचून झालेलं नाही. ते पहिल्या परिच्छेदानंतरच बादल्या घेऊन उठले. तुम्ही मात्र निवांत इथपर्यंत आलात, मध्ये एक-दोनदा हसलातही.

तुमची सही आम्ही करून ठेवली आहे.