उषाबाई गाडीत बसत नाहीत

ऑपरेशन होऊन वर्ष उलटले तरी उषाबाई सोनवण्यांना घरात कुणी पाण्याची भरलेली बादली उचलू देत नव्हते. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या सोसायटीत त्या जिना चढू लागल्या, की खालच्या मजल्यावरच्या बायका दारात येऊन "सावकाश हं" म्हणत. त्यांचा नवरा रघुनाथ पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होता. तो कोथिंबिरीची जुडीसुद्धा त्यांच्या हातात देताना खाली आपला हात धरून ठेवायचा. सुरुवातीला उषाबाईंना हे बरे वाटले. मग कंटाळा आला, आणि मग रोज सकाळी उठल्याबरोबर राग येऊ लागला.

चैत्र जवळ आला तसे नवागामातून सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणाऱ्यांचे जथे जमू लागले. लग्नानंतरची काही वर्षे सोनवणे नवागामातच राहत होते. तेव्हाच्या शेजारीण धुरपदाबाई दरवर्षी पायी जात. सुरतेहून निघायचे, बारडोली, उनाई, वांसदा, वघई करत डांगच्या जंगलातून सापुताऱ्याचा घाट चढायचा आणि पलीकडे गडावर पोचायचे. एका रविवारी जेवताना उषाबाईंनी सांगून टाकले, की या वर्षी त्याही जाणार.

रघुनाथने हातातला घास परत ताटात ठेवला. त्याने आधी उन्हाचे सांगितले, मग टाक्यांचे सांगितले, आणि शेवटी सापांवर आला. डांगात पाऊल टाकावे तिथे साप असतात, असे सांगताना त्याचाच चेहरा उतरला. सापाला तो लहानपणापासून इतका घाबरे, की कॅलेंडरवरच्या शंकराच्या गळ्याकडेही नीट बघत नसे.

"नवस बोललीयस का काही?" त्याने विचारले.

"नाही. चालायचंय."

"नुसतं?"

"नुसतं."

नवस असता तर रघुनाथला बोलता आले नसते. देवीच्या आड कोण येणार? पण नुसत्या चालण्याला काय म्हणावे, ते त्याला कळेना. मुलगी तेजस्विनी कॉलेजात होती. आईला जाऊ द्या, असे सांगत ती म्हणाली, "पप्पा, जवा दो ने." त्यावर तिलाही बोलणी बसली. उषाबाई निघाल्या त्या सकाळी रघुनाथ दारापर्यंत आला नाही. खिडकीतून मात्र जथ्याचा झेंडा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

पहिले दोन मुक्काम उषाबाईंच्या पायांचे हाल झाले. फोड आले, फुटले, पुन्हा आले. पण कुणी त्यांना सावकाश म्हणत नव्हते. उलट मागे पडल्या की धुरपदाबाई ओरडायच्या. उषाबाईंना ते ओरडणे फार आवडले. बारडोलीच्या पुढे उसाच्या बांधावर एक साप सर्रकन आडवा गेला, तेव्हा पुढचे सगळे मागे पळाले आणि उषाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. पाय उचलेनात म्हणून त्या उभ्या होत्या. लोकांनी मात्र बाई धीराच्या आहेत असे ठरवले, आणि त्यांनीही ते खोडून काढले नाही.

वघई सोडल्यावर जथ्याचा म्होरक्या चिंधाभाऊ डांबरी रस्ता सोडून जंगलातल्या पायवाटेने निघाला. तिने मोठा वळसा वाचतो, असे तो म्हणाला. अंथरूण-पांघरुणाचा आणि स्वयंपाकाचा टेम्पो रस्त्याने पुढे गेला. सागाची पाने गळून वाटेवर पापडासारखी वाळली होती. दुपार व्हायच्या सुमाराला पुढचे लोक एकदम थांबले. वाटेवर, अगदी मधोमध, एक लांबलचक काळपट साप ऊन खात पडला होता. एका बाजूला ओढ्याचा खोल उतार, दुसऱ्या बाजूला करवंदीच्या जाळ्या. बाजूने जायला जागा नव्हती.

कुणी म्हणाले नाग आहे, कुणी म्हणाले धामण आहे. दगड मारायला कुणी धजेना, कारण यात्रेत जीव मारायचा नसतो. चिंधाभाऊने हात जोडले. मग त्याच्या मागच्यांनी हात जोडले. साप हलला नाही.

"कोन तरी चुकेल शे," धुरपदाबाई म्हणाल्या. "त्याबिगर देवी वाट आडावस नही."

त्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. थोड्या वेळाने यंत्रमागावरच्या एका कारागिराने खाली मान घालून सांगितले, की वांसद्याच्या स्टँडवर त्याने आमलेट खाल्ले. सगळ्यांनी सापाकडे पाहिले. तो तसाच. मग एका बाईने कबूल केले, की उनाईच्या अलीकडे ती लघवीचे निमित्त करून मागे राहिली आणि टेम्पोत बसून पुढे आली. तिच्या सख्ख्या जावेला हे माहीत नव्हते, त्यामुळे तिथे एक वेगळे भांडण सुरू झाले. शेवटी चिंधाभाऊने स्वतःच सांगितले, की आरतीच्या वेळी त्याच्या तोंडात तंबाखू असते. कारणे संपत आली, भूक वाढत गेली, आणि साप मात्र कुणाचीही कबुली मनावर घेत नव्हता.

मग धुरपदाबाई उषाबाईंकडे वळल्या. "तुना नवस काय शे, सांग बरं."

"माझा नवस नाहीये, आक्का."

सगळा जथा त्यांच्याकडे वळला. सापडले. बिनानवसाची बाई आपल्यात आहे, म्हणून देवी कोपली आहे. भांडणाऱ्या जावासुद्धा या मुद्द्यावर एक झाल्या. धुरपदाबाईंनी समजुतीने सांगितले, की अजून वेळ गेलेली नाही, आत्ता बोलून टाक, काही पण माग. लोकांनी पर्यायही सुचवले. मुलीचे लग्न. नवऱ्याची बढती. तब्येत.

तब्येत हा शब्द ऐकला आणि उषाबाईंचे डोके फिरले.

"मला काही मागायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला पुढे जायचंय. आणि हा वाटेत आहे."

त्यांनी हातातली काठी जमिनीवर जोरात आपटली. मग दोन पावले पुढे जाऊन पुन्हा आपटली. सापाने डोके उचलले, क्षणभर विचार केल्यासारखे केले आणि जाळीकडे जायचे सोडून सरळ उषाबाईंच्या दिशेने आला. त्यांच्या डाव्या चपलेवरून, अंगठ्याला थंडगार स्पर्श करत तो शांतपणे गेला आणि उतारावर दिसेनासा झाला. तो गेल्यावर उषाबाई मागे सरकल्या आणि तोल जाऊन करवंदीच्या जाळीत बसल्या.

त्यांना ओढून बाहेर काढले, तेव्हा घोट्याच्या वर रक्ताचे दोन थेंब दिसले. शेजारी शेजारी.

काट्यांचे आहेत, असे उषाबाई सांगत होत्या. त्यांच्या हातावर, पाठीवर, साडीभर काटेच काटे होते. पण ते कुणाला दिसेनात. घोट्यावरचे दोन तेवढे दिसले. चिंधाभाऊने आपल्या उपरण्याने त्यांचा पाय पोटरीखाली असा आवळला, की पायाची बोटे निळी पडली. निळी बोटे पाहून बायका रडू लागल्या. चौघांनी त्यांना उचलून डांबरी रस्त्यावर आणले. पुढे गेलेला टेम्पो थोड्या अंतरावर थांबला होता, तो हाका मारून मागे बोलावला.

"बसा, वहिनी," चिंधाभाऊ म्हणाला.

"चावला असेल तर बसूनही मरेन," उषाबाई म्हणाल्या. "चावला नसेल तर कशाला बसू?"

आणि त्या चालू लागल्या. पाय बधिर झाल्यामुळे त्या लंगडत होत्या. विष चढते आहे, असे मागचे लोक हळू आवाजात म्हणत होते. थोड्या अंतरावर त्यांनी उपरणे सोडून फेकून दिले, तसे लंगडणेही गेले. पण जथ्यातले धट्टेकट्टे चौघे पुढचा सगळा रस्ता त्यांच्या मागे हात पसरून चालत राहिले. बाई पडल्या तर झेलायचे म्हणून.

चिंधाभाऊ मात्र टेम्पो घेऊन वघईला परत गेला, एसटीडी बूथवर. सोनवण्यांच्या घरी फोन नव्हता. निरोप द्यायचा तो शेजारच्या ठाकोरभाईंच्या घरी. लाइन लागेपर्यंत रात्र झाली, आणि लागली तीही खरखरत होती. चिंधाभाऊ घाबरला की मराठी विसरायचा आणि नुसती अहिराणी बोलायचा. साप आला, पायाला रक्त आले, हे त्याने ओरडून सांगितले. मग बाई कशा आहेत, या प्रश्नावर त्याने खरे तेच सांगितले, की बाई थांबल्या नाहीत, पुढे चालत निघून गेल्या.

"बाई चालनी गई," तो म्हणाला.

ठाकोरभाई गुजराती. त्यांनी 'चाली गई' ऐकले. त्यांच्या भाषेत याचा अर्थ एकच होत होता, बाई गेली. त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि ते पाणी प्यायले.

रघुनाथला त्यांनी एवढेच सांगितले, की भाभीला साप चावला आहे, आपण पहाटे माझ्या जीपने निघू. बाकीचे त्यांच्या तोंडून निघाले नाही. मात्र माणूस व्यवहारी होता. चैत्राचे ऊन, परतीचा लांबचा रस्ता, याचा विचार करून त्यांनी बर्फाच्या कारखान्यातून एक लादी आणली, गोणपाटात गुंडाळली आणि जीपच्या मागच्या भागात ठेवली.

वांसद्यापर्यंत रघुनाथ बोलत होता. इंजेक्शनाबद्दल, डॉक्टरांबद्दल, आपण तिला आधीच सांगितले होते त्याबद्दल. मग त्याच्या चपलेला गार पाणी लागले. त्याने वळून पाहिले. गोणपाटाखाली काय आहे, असे त्याने विचारले. ठाकोरभाई समोरच्या रस्त्याकडे बघत जीप चालवत राहिले. त्यानंतर वघई येईपर्यंत रघुनाथ दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. उषा निघाली तेव्हा आपण दारापर्यंत गेलो नाही, हेच त्याला पुन्हा पुन्हा आठवत होते.

शामगहानच्या जवळ, घाट सुरू होतो तिथे, झाडाखाली जथा न्याहारीला बसला होता. उषाबाई खिचडीवर दुसऱ्यांदा तेल मागत होत्या.

रघुनाथ जीपमधून उतरला आणि उभाच राहिला. तो दोन पावले त्यांच्याकडे आला. आणि मग, रडू येईल या भीतीने, तो ओरडला.

"बस गाडीत."

"मी ठीक आहे," उषाबाई म्हणाल्या. "तुम्ही खिचडी खा."

त्याने ऐकले नाही. सगळ्यांसमोर तो बोलत सुटला. तुझे ऑपरेशन झाले आहे, तुला कळत नाही का, तुझ्या अंगात काय राहिले आहे, वगैरे. सगळ्यांच्या जिवाला शांती मिळेल, गाडीत बसा, असे ठाकोरभाईही हात जोडून विनवू लागले, "भाभी, बेसी जाव ने. बधाने शांति थाय."

उषाबाईंनी ताटली खाली ठेवली.

"डॉक्टरांनी गर्भपिशवी काढलीय," त्या म्हणाल्या. "पाय नाही काढले."

मग धुरपदाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या. एकेक करत सगळ्या बायका हसायला लागल्या. रघुनाथचे कान लाल झाले. तेवढ्यात जीपमधून ठिबकणारे पाणी कुणाच्या तरी लक्षात आले. इतका बर्फ कशासाठी आणला, असे उषाबाईंनी विचारले. रघुनाथने ठाकोरभाईंकडे पाहिले, ठाकोरभाईंनी रघुनाथकडे पाहिले. उन्हाळा आहे, असे ठाकोरभाई अखेर म्हणाले. जथ्याने लादी फोडून लिंबाचे सरबत केले. उषाबाई दोन पेले प्यायल्या. ते बघून ठाकोरभाईंनी सरबताला नको म्हटले.

घाटात नवीनच मिरवणूक निघाली. पुढे उषाबाई, मागे त्यांना झेलायला ते चौघे, आणि त्यांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत ठाकोरभाईंची जीप. तिच्या खिडकीतून रघुनाथ अधूनमधून "अजून विचार कर" म्हणत होता. चौथ्या-पाचव्या वळणावर रेडिएटरमधून वाफ निघाली आणि जीप थांबली. ठाकोरभाई पाणी शोधायला गेले. उषाबाई थांबल्या नाहीत. रघुनाथने थोडा वेळ बायकोची दूर जाणारी पाठ पाहिली आणि मग तो ऑफिसच्या चपलांनिशी घाट चढू लागला.

बऱ्याच वेळाने, घामाने निथळत त्याने त्यांना गाठले.

"घाबरली होतीस?" त्याने हळूच विचारले.

"खूप," उषाबाई म्हणाल्या. "पायावरून गेला तो. अजून अंगावर काटा येतो."

"मग इतकं कशाला करायचं?"

"घाबरायचा पण कुणी चान्स देत नाही हो घरी. त्याच्या आधीच सगळे धरायला येतात."

रघुनाथने त्यांच्या खांद्यावरची पिशवी घ्यायला हात पुढे केला, मग तो मागे घेतला. उषाबाईंना ते दिसले. त्यांनी आपण होऊन पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि त्याच्या बाजूचा हात मोकळा केला. तो धरायची मात्र दोघांनाही लाज वाटली, कारण ते चौघे मागेच होते.

पुढच्या वळणावर रघुनाथ चपलेतला खडा काढायला रस्त्याच्या दगडी कठड्यावर टेकला. दोन दगडांमधल्या फटीतून, त्याच्या मांडीपासून वीतभर अंतरावर, बोटाएवढे डोके बाहेर आले. जीभ लवलवली. बसल्या जागेवरून रघुनाथ असा उडाला, की रस्त्याच्या मध्यावर येऊन पडला. साप त्याच्याहून जास्त घाबरून कधीच आत गेला होता. पण रघुनाथचा उजवा घोटा मुरगळला होता आणि बघता बघता टम्म फुगला. मागे असलेल्या चौघांनी उषाबाईंसाठी तयार ठेवलेले हात अखेर त्याच्या कामी आले. त्यांनी त्याला उचलून, मागून येणाऱ्या टेम्पोत गाद्यांवर निजवले.

"मी एकटा कसा जाऊ?" रघुनाथ म्हणाला. "तूपण बस माझ्याजवळ."

उषाबाईंनी त्याच्या पायाखाली एक उशी सरकवली, कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि सांगितले, की वर धर्मशाळेत गरम पाण्यात मीठ घालून शेकायला लावा, मी येतेच. मग त्या खाली उतरल्या आणि काठी टेकत चालू लागल्या.

टेम्पो घरघरत त्यांच्या मागून निघाला. त्यांच्या बरोबरीला आल्यावर ड्रायव्हरशेजारी बसलेल्या चिंधाभाऊने वेग कमी करायला लावला. आता नवऱ्याची ही दशा पाहून तरी बाई बसतील, असे त्याला वाटत होते. त्याने मागच्या खिडकीतून वळून विचारले, थांबवू का म्हणून.

रघुनाथ गाद्यांवर कोपर टेकून उठला. रस्त्याच्या कडेने त्याची बायको चालली होती. पदर कमरेला खोचलेला, चेहरा उन्हाने लाल, आणि मान ताठ. तिने त्याच्याकडे पाहिले आणि पाऊल न थांबवता हात हलवला.

"नको," रघुनाथ घाईघाईने म्हणाला. "गाडी थांबवली, तर ती मलाच खाली उतरवेल."