महाराजांची झेप

एका जंगलात, बाळांनो, एक हरिणी राहत होती. तिला एकच पाडस होतं. एके सकाळी पाणवठ्यावर बिबट्याने ते उचललं.

आता तुम्ही म्हणाल, जंगलात हे चालायचंच. पण त्या जंगलात कायदा होता. पाणवठ्यावर शिकार करायची नाही, असा सिंहमहाराजांचा हुकूम होता. शिवाय तिथे झाडाला कॅमेरा टांगला होता आणि त्यात सगळं आलं होतं. हरिणी रडत रडत दरबारात गेली. तिला पाडस परत मिळणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. बिबट्याला शिक्षा व्हावी, एवढंच तिचं मागणं होतं.

बिबट्या प्रधान तरसाचा मेव्हणा होता. तरसाचा मेव्हणा बिबट्या कसा, ते विचारू नका. प्रधानांना मेव्हणे कुठूनही मिळतात.

दरबारात फिल्म दाखवायची तर एक रीत होती. आधी पडद्यावर महाराजांचं दर्शन, मग बाकीचं. आणि फिल्म आटोपशीर हवी, कारण महाराजांना लगेच डुलकी लागायची. हे कापण्या-जोडण्याचं काम एका वानराकडे होतं. तो ते शिकून आला होता, म्हणजे शिकवत होते तेव्हा तिथे हजर होता.

त्याने काय ऐकलं नव्हतं, ते तुम्ही ऐका. कॅमेरा भारी चिक्कू असतो. क्षणाक्षणाचं अख्खं चित्र तो ठेवत नाही. एकदा अख्खं चित्र ठेवतो आणि पुढे नुसतं काय काय हललं, तेवढंच टिपतो. बऱ्याच वेळाने पुन्हा एक अख्खं चित्र. म्हणून कापायचं तर अख्ख्या चित्राला हात लावायचा नसतो. ते गेलं, तर पुढचं हलणं आधीच्याच चित्राच्या अंगावर चढतं.

वानराने फिल्म पाहिली. सुरुवातीला बिबट्या गवतात नुसता दबा धरून बसलेला. हे कंटाळवाणं आहे, असं म्हणून त्याने ते अख्ख्या चित्रासकट कापलं. त्याच्या जागी शिळेवर बसलेले महाराज जोडले. मग मशीनमध्ये जागा हवी म्हणून मूळ फिल्म पुसून टाकली. काम कसं स्वच्छ झालं.

दरबार भरला. फिल्म सुरू झाली. पडद्यावर महाराज प्रसन्न बसले होते. तेवढ्यात पाडस बागडत आलं. आणि महाराजांची आयाळ ताणली गेली, महाराज बसल्या जागेवरून लांबत गेले, उडाले आणि पाडसावर पडले. पाडसाला ओढत ते पडद्याबाहेर गेले. मग पुढचं अख्खं चित्र आलं. त्यात नुसतं गवत होतं.

वानराने झाड शोधायला सुरुवात केली.

महाराज पडद्याकडे सरकून बसले. मग म्हणाले, "पुन्हा लावा."

गोष्ट अशी, बाळांनो, की महाराजांच्या दाढा केव्हाच पडल्या होत्या. प्रधानजी घास चावून देत, तेव्हा महाराजांचं जेवण होई. आणि इथे तर त्यांनी स्वतःची झेप स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तिसऱ्यांदा फिल्म लागली तेव्हा महाराजांची छाती फुगली होती. प्रधानाने वारं ओळखलं आणि या वयातली ही चपळाई वाखाणली. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात बिबट्या टाळ्या वाजवत होता.

हरिणी मात्र उभी राहिली. ती भोळी होती बिचारी. तिला खरं बोलायची सवय होती.

"महाराज, हे तुम्ही नाही," ती म्हणाली. "माझ्या पाडसाला तुम्ही हातही लावलेला नाही."

टाळ्या थांबल्या.

"म्हणजे एवढंसं पाडसही आता आमच्याच्याने मारवत नाही, असं म्हणायचंय तुला?" महाराजांनी विचारलं.

"मी एवढंच म्हणते, की तुम्ही निर्दोष आहात."

असा अपमान त्या दरबारात आजवर कोणी केला नव्हता. हरिणीला पाणवठा कायमचा बंद झाला. महाराजांनी केलेली शिकार गुन्हा ठरत नाही, म्हणून खटला निकालात निघाला. वानराला शाल आणि नारळ मिळाला.

जाताना हरिणी वानरापाशी थांबली. पाडस तेवढ्या फिल्ममध्येच उरलं होतं. तिने तेवढा तुकडा मागितला, महाराज नसलेला.

वानराला खरोखरच वाईट वाटलं. मलाही वाटतं. पण तो तरी काय करणार? "ताई, मूळ पुसलं गेलं," तो म्हणाला. "आता पाडस बघायचं तर महाराजांसकटच बघावं लागेल."

तात्पर्य : राजाला दोषी म्हणायला फार धैर्य लागतं, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. बाळांनो, तेवढं धैर्य कसंबसं गोळा करता येतं. राजाला निर्दोष मात्र चुकूनही म्हणू नका.