शापित तलवारीची आणि रुसल्या नवरदेवाची हकिकत

श्रीसिद्धनाथ प्रसन्न. शालिवाहन शके १८९७, राक्षसनाम संवत्सरी, वैशाख मासी, कडेगाव प्रांतीच्या फौजेने म्हसवड प्रांती लग्नाची मोहीम केली, ते समयी एका तलवारीपायी केवढा अनर्थ गुदरला आणि तो कोणी निवारिला, हे ज्यांस ठाऊक ते जेवून आपापल्या गावी गेले, आणि ज्यांस ठाऊक नाही ते भलतेच सांगत सुटले, सबब आम्ही उपाशीपोटी जे पाहिले ते येथे लिहून ठेवितो.

मुलखाचा रिवाज ऐसा की, हळद लागली म्हणजे नवरदेवाने हाती शस्त्र धरावे, त्याच्या टोकास लिंबू टोचावे, आणि लग्न लागेतो ते खाली ठेवू नये. शहाणी माणसे सुरी धरितात, फार तर अडकित्ता. परंतु कडेगावानजीकच्या या गावी मानकऱ्यांस सुरी कमीपणाची वाटे, आणि म्हणून हरएक नवरदेवाच्या हाती तालमीतली जुनी तलवार जाई. तीस शाप होता. जो धरी तो सोयरे समोर येताच रुसे. ज्ञानू म्हणून निव्वळ गाय माणूस, त्याने ती धरून सायकल मागितली, आणि सायकल आली तेव्हा डायनामो नाही म्हणून पुन्हा रुसला. कृष्णात म्हणून दुसरा साखरपुड्यास मान वर करीत नव्हता, त्याने ती धरून जिलेबी वाकडी म्हणून सासऱ्यास तंबी दिली. इतके होऊनही गावाने तलवार सोडिली नाही, कारण मान.

तर या खेपेस नवरदेव राजश्री आकाराम, बेळगावच्या पलटणीतले शिपाई, रजेवर आलेले, स्वभावे लोणी. त्यांणी सुरी पुरे ऐसा अर्ज केला. परंतु त्यांचे मामा गुंडाजीराव, मिशीस तेल लावून मोहिमेचे सरलष्कर जाहलेले, त्यांणी अर्ज फेटाळिला, आणि तलवार भाच्याच्या मुठीत दिली, आणि मग साखर कारखान्याच्या ट्रकात वऱ्हाड भरून वाजतगाजत कूच केले.

नवरीच्या गावी मारुतीच्या देवळात मुक्काम पडला. वधूपिता नाथाजीबावा मानपानाचा सरंजाम घेऊन नवरदेवास मांडवी न्यावयास आले, आणि आकारामजींनी पारावर बैठक मारून फर्माविले की, रेडिओ मिळालियाविना उठणे नाही. नाथाजी हवालदिल जाहले. दिवाळसणास देतो म्हणाले. नवरदेवांनी तलवार आपटली आणि लिंबू हादरले.

इकडे मुहूर्त सरत चालला, भटजी सावलीकडे पाहू लागले, आचारी वांग्याच्या भाजीत पाणी वाढवू लागले. आणि मांडवात नाथाजीची लेक शालूबाई हळदीच्या अंगाने बसली होती. आम्हांस थट्टा सुचते खरी, परंतु हळद लागलेल्या मुलीचे लग्न मोडले तर मुलूख तिलाच नावे ठेवितो, रुसणारास नव्हे, आणि या गोष्टीचा आम्हांस तेव्हाही राग आला आणि आताही येतो.

मग ऐसे जाहले की, नवरदेवांचा फेटा सुटला. तो बांधावयास दोन्ही हात हवेत, म्हणून क्षणभर तलवार मामांच्या हाती दिली. हात रिकामा होताच आकारामजी पूर्ववत लोणी जाहले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मामा. रेडू कशाला उगं? बराकीत हाय की." परंतु मामांच्या अंगी तलवार भिनली होती. ते गरजले, "गप रं! नुसता रेडू न्हाई, वर चामड्याची पिशवी पायजे!"

हे ऐकून नाथाजीबावांनी मोठ्या शौर्याने झेप घालून तलवार हिसकाविली. सोयरे म्हणाले, आता तह होणार. परंतु शापास सोयरीक कळत नाही. जन्मात कोणास अरे न म्हणालेले नाथाजी तलवार उगारून ओरडले, "लगीनच मोडलं! चला, भरा ट्रक, जावा माघारी!" वाजंत्र्यांची सनई मध्येच थांबली. मामा पांढरे पडले. फेटा अर्धा बांधलेले आकारामजी रडवेले होऊन उभे राहिले, आणि माघार घ्यावी कोणी हे कोणासच उमजेना.

ही खबर मांडवात पोहोचली. तेव्हां शालूबाईसाहेब मुंडावळ्यांनिशी उठल्या, बायका आडव्या आल्या त्यांस बाजूस सारिले, आणि भर उन्हात पारापाशी दाखल जाहल्या.

"आबा, आणा ती इकडं," ऐसा हुकूम जाहला.

लेकीपुढे बापाचा हात ढिला पडला. तलवार शालूबाईंच्या मुठीत गेली, आणि उभय फौजा दोन पावले मागे सरल्या, की आता ही काय मागते.

शालूबाईंनी नवरदेवाकडे पाहिले. "रेडू पायजे?"

"न्हाई."

"मी पायजे?"

आकारामजींनी मामांकडे पाहिले नाही. "व्हय," म्हणाले, आणि ते सर्वांस ऐकू गेले.

"मग चला. आन् रजा सपली की मी बी तुमच्यासंगं बेळगावला येनार."

"व्हय."

मामांनी ऊस तोडावयास घरी कोण, ऐसे विचारावयास तोंड उघडिले. शालूबाईंनी तलवारीचे लिंबू टोचलेले टोक त्यांच्या मिशीकडे वळविले, आणि मामांनी तोंड मिटिले. मुहूर्त हातचा जाण्याआधी अक्षता पडल्या. नवरीने तलवार धरून लग्न लाविले ऐसे त्या प्रांती पूर्वी कधी जाहले नव्हते. भटजींस ते शास्त्रात सापडेना, परंतु त्यांसही भूक लागली होती.

पंगतीत मोठी चर्चा पडली की, तिघे पुरुष जिने फिरविले ती तलवार पोरीस कशी चढली नाही. तेव्हां नवरीची आत्या राहीबाई बुंदी वाढता वाढता म्हणाल्या, "तिला काय चढायचंय? ती पाळण्यात हुती तवापासनं अशीच हाय."

येणेप्रमाणे राक्षसनाम संवत्सरी शालूबाईसाहेब यांची फत्ते जाहली. कलमे ठरली ती अशी की, रेडिओ कोणी मागू नये, बेळगावास नवराबायकोने मिळून जावे, आणि तलवार नवरीकडे राहावी, तालमीस परत मिळू नये. मामांनी अंगठा दिला. उन्हे कलल्यावर ट्रक माघारी निघाला, तेव्हां शालूबाई तलवार मांडीवर आडवी घेऊन ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, आणि नवरदेवांचे दोन्ही हात मोकळे होते, त्यांपैकी एकाने त्यांणी नवरीचा हात धरिला होता, आणि हे मामांनी मागून डोकावून पाहिले आणि डोके मागे घेतले, हे आम्ही समक्ष पाहून लिहिले असे.