पाटीकाकांचा इंग्रजी विभाग

“कुठलीही भाषा म्हणजे शेवटी एक वस्तुसंग्रहालय असतं,” पाटीकाका सकाळच्या चहाला म्हणाले, “आणि ज्यानं उभा जन्म वस्तुसंग्रहालयात काढला, त्याला इंग्रजी भाषा दारात अडवेल असं मला तरी वाटत नाही.”

“तुमची बाही चहात आहे,” काकू म्हणाल्या.

बाही खरोखरच चहात होती आणि भाषेबद्दलचं ते विधान पूर्ण होईपर्यंत तिनं निम्मा चहा पिऊनही टाकला होता.

पाटीकाकांनी उभा जन्म वस्तुसंग्रहालयात काढला तो वस्तू म्हणून नव्हे, हे आधी सांगितलेलं बरं. काचेच्या कपाटात वस्तूंखाली ज्या लहान पाट्या असतात, त्या ते लिहीत. ‘कुंभ, मान भंगलेली.’ ‘तलवार, मालक अज्ञात.’ अक्षर असं की लोक कुंभ सोडून पाटीच बघत राहायचे. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नव्हती. झाड दिसो, माणूस दिसो, त्यांची नजर आधी पायाशी जायची आणि तिथं काहीच लिहिलेलं नसलं की हळहळायची. पाटी नसलेली वस्तू नुसती ठेवलेली असते, पाटी लागली की ती असते, हा त्यांचा सिद्धान्त होता. काकूंना तो लग्नापासून ठाऊक होता आणि त्यांनी कधी स्वतःला पाटी लावून घेतली नव्हती.

इंग्रजीचं प्रकरण निघालं ते नातीमुळे. मुलगा दूर परदेशात होता आणि नात तिथंच जन्मलेली. आजवरच्या सगळ्या भेटी फोनच्या पडद्यावर झालेल्या. इकडून काकांचं कपाळ दिसायचं, तिकडून तिचा गुडघा. दोघं हसायची आणि कुणाचं तरी हसू दमलं की भेट संपायची. आता ती पहिल्यांदाच घरी येणार होती, तीही मोजक्या दिवसांसाठी. तेवढ्या दिवसांत तिच्याशी काहीतरी बोलायचं, एवढीच काकांची इच्छा होती. तिला मराठी येतं का, असं त्यांनी मुलाला विचारलं होतं.

“एकच शब्द येतो, बाबा,” मुलगा हसत म्हणाला होता, “आणि तोही अगदी गरज पडली तरच काढते. बाकी सध्या तिच्या डोक्यात नुसते डायनोसॉर आहेत. कुठला पाला खायचा, कुठला मांस खायचा, सगळं पाठ आहे.”

“कुठला शब्द?” काकांनी घाईनं विचारलं.

“कळेलच आल्यावर.”

तेव्हापासून काका संध्याकाळी गॅलरीत बसून त्या एका शब्दाचा विचार करत. समोरच्या छतांवरून ऊन सावकाश उतरत असे आणि काकांच्या डोळ्यांपुढे एक लहान मुलगी ओंजळीत काहीतरी झाकून घेऊन येत असे. जवळ येऊन ती ओंजळ उघडायची आणि आत तो शब्द असायचा. कधी ‘माया’ असायचा, कधी ‘सावली’. एकदा तर ‘आजोबा’ होता आणि त्या दिवशी काका जेवायला उशिरा उठले. ‘छत्री’ निघाला असता तरी त्यांची हरकत नव्हती. प्रश्न होता तो त्या शब्दानंतर काय बोलायचं हा. त्यासाठी इंग्रजी हवं होतं.

त्यांनी डिक्शनरी आणली आणि पद्धत ठरवली. लहान शब्द शिकायचे नाहीत, मोठे आले की लहान त्यांच्यामागून आपोआप येतात. आणि खुर्चीला खुर्ची, टेबलाला टेबल अशी पाटी लावायची नाही, ते तर कुणीही लावील. ज्या वस्तूचा स्वभाव शब्दाला शोभेल तिच्यावर तो शब्द लावायचा. अर्थ लिहायचा नाही. वस्तू हाच अर्थ.

आणि मग घर बघण्यासारखं झालं. न्हाणीघरातल्या गळक्या नळावर ‘रिलेंटलेस’ लागलं, कारण थांबणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. ओढल्याशिवाय न उघडणारं कपाट नाखूश, म्हणून ‘रिलक्टंट’ झालं. मधोमध खचलेली कॉट उदास दिसायची, ती ‘मेलंकली’. जुन्या रेडिओचा काळ सरला होता, त्याला ‘ऑब्सोलीट’. खिडकीजवळच्या काकूंच्या खुर्चीला राजेशाही ‘मॅजेस्टिक’ मिळालं. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरनं घरातल्या प्रत्येकाच्या बोटाची चव घेतलेली होती. त्याच्यावर काकांनी त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं, ‘कार्निव्होरस’. मांसभक्षक. ही पाटी सर्वांत लांब झाली आणि काका तिच्यापुढे जरा वेळ हात मागे बांधून उभे राहिले.

“आता ती आली की नुसतं घरातून फिरायचं,” ते म्हणाले. “शब्द समोर उभेच आहेत.”

“आणि भूक लागली का, हे कसं विचारणार?” काकूंनी विचारलं.

“ते लहान शब्द आहेत,” काका म्हणाले.

इथवर सगळं ठीक होतं. मग काकूंच्या मनानं घेतलं की नात यायच्या आधी घराला रंग द्यायचा. रंगारी आला, त्यानं भिंतीभर नजर फिरवली आणि म्हणाला, “काकू, या घराला रंग द्यायचाय की नावं ठेवायचीत?” मग त्यानं सगळ्या पाट्या अलगद काढून एका डब्यात ठेवल्या. माणूस कामाला चोख होता. फक्त शिडी डगमगत होती म्हणून त्यानं एका पायाखाली हाताला लागलेलं जाड पुस्तक सरकवलं. शिडी स्थिर झाली, वरची बादली झाली नाही. डिक्शनरी आकाशी रंगात न्हाली आणि वाळल्यावर तिची एक छान वीट तयार झाली. काकांनी ती उचलून पाहिली, उघडायचा प्रयत्न केला आणि शेवटी दार आपटू नये म्हणून त्याला लावली.

रंगारी गेला तेव्हा काका मुलासाठी गाडी ठरवायला गेले होते. काकूंनी डबा उघडला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण नीटनेटकेपणा येत होता. लहान वस्तूला लहान पाटी, मोठ्या वस्तूला मोठी, असं त्यांनी मापानं जुळवलं. शिवाय बघणारी मुलगी लहान, म्हणून पाट्या तिच्या डोळ्यांसमोर येतील अशा खाली लावल्या. सगळ्यांत लांब पाटी ड्रॉवरवर कशीतरीच दिसायची. ती त्यांनी न्हाणीघराच्या दारावर लावली. तिथं ती शोभून दिसली.

काका परत आले आणि नव्या रंगाच्या वासात, खाली वाकून, खोलीखोलीतून फिरले. काहीतरी हललंय असं त्यांना वाटलं. नवा शब्द त्यांच्या डोक्यात पाहुण्यासारखा उतरायचा, बॅग कधी उघडायचा नाही. त्यामुळे कोण कुठं बसला होता ते छातीठोकपणे सांगता येईना.

“पाट्या जिथल्या तिथं लावल्यास ना?” त्यांनी विचारलं.

“शोभतील तिथं लावल्यात,” काकू म्हणाल्या.

काका निश्चिंत झाले. वस्तुसंग्रहालयात ते एकच गोष्ट पक्की शिकले होते. पाटी आणि वस्तू यांचं जमेनासं झालं, तर पाटी बरोबर असते. एकदा दिव्याच्या पाटीपाशी कुणीतरी चुकून तपेली ठेवली होती, तर लोक वर्षभर त्या तपेलीच्या प्रकाशाबद्दल बोलत होते. तेव्हा काकांनी शब्द पुन्हा पहिल्यापासून शिकायला घेतले आणि नवल म्हणजे ते आता जास्त सोपे वाटले. नळावर ‘मॅजेस्टिक’ होतं. बरोबरच आहे, न मागता देतो. कपाटावर ‘मेलंकली’, म्हणजे जुन्या कपड्यांचा वास असणार. ‘ऑब्सोलीट’ काकूंच्या खुर्चीवर होतं. दुपारी काकू तिथं डोळे मिटून बसत, पडद्यातून गाळलेलं ऊन त्यांच्या पिकल्या केसांवर थांबत असे आणि घरातले सगळे आवाज हळू चालत असत. या सगळ्याला इंग्रजीत एकच शब्द असावा आणि तो आपल्याला यावा, याचं काकांना भरून आलं. राहिलं न्हाणीघराचं दार. त्यातून बाहेर पडताना माणसाला जे हलकं, ताजंतवानं वाटतं, ते ‘कार्निव्होरस’. काकांनी तो शब्द खास नातीसाठी राखून ठेवला.

ती आली तेव्हा दुपार व्हायला आली होती. पाठीवर पिशवी, हातात हिरवा डायनोसॉर, डोळ्यांत प्रवासाची झोप. काकूंनी तिचा गाल कुरवाळला, तो तिनं कुरवाळू दिला. काका पुढे झाले. एवढे दिवस जमवलेले सगळे शब्द घशाशी दाटीवाटीनं उभे होते. त्यांनी आधी काकूंकडे हात केला आणि अत्यंत मृदू आवाजात म्हणाले, “युवर ग्रँडमदर. व्हेरी, व्हेरी ऑब्सोलीट.”

मुलाच्या हातातली बॅग खाली आली. काकूंना एवढंच कळलं की आपल्याबद्दल चारचौघांत असं हे कधीच बोललेले नाहीत, आणि त्या चक्क लाजल्या. त्यांचा चेहरा बघून मुलानं उघडलेलं तोंड मिटलं.

नात नुसती बघत होती. तो शब्द तिच्या वयाचा नव्हता. काकांना वाटलं, दमलीय पोर, हिला आधी हातपाय धुवायला सांगावं. त्यांनी न्हाणीघराकडे बोट दाखवलं, छातीवर हात ठेवला आणि राखून ठेवलेला शब्द काढला.

“देअर,” ते हसत म्हणाले. “यू गो देअर. कार्निव्होरस. आय अॅम कार्निव्होरस एव्हरी मॉर्निंग.”

हा शब्द मात्र तिच्या वयाचा होता. किंबहुना तिला सगळ्यांत चांगला येणारा हाच शब्द होता. ती बापाच्या मागे गेली आणि तिथून तिनं काकांच्या दातांकडे पाहिलं.

“बाबा, तुम्ही तिला डायनोसॉरचं काय सांगताय?” मुलानं जांभई आवरत विचारलं.

“स्वागत करतोय,” काका म्हणाले.

मुलाची झोप इतकी साचलेली होती की त्याला तेही पटलं. चष्मा काढून, टॉवेल डोक्यावर घेऊन तो न्हाणीघरात जाऊन आला. गुडघ्यापाशी लावलेली पाटी त्याला दिसायचं कारण नव्हतं. बाहेर आल्या आल्या तो कॉटच्या खचलेल्या भागात पडला आणि घोरू लागला. काकू स्वयंपाकघरात गेल्या.

घरात आता दुपार आणि नात दोघीच उरल्या होत्या. ती भिंतीकडेनं निघाली आणि प्रत्येक पाटीपाशी थांबून ओठ हलवत वाचू लागली. काका दोन पावलं मागून, हात मागे बांधून, स्वप्नात चालल्यासारखे चालत होते. उभ्या हयातीत इतक्या मन लावून पाट्या वाचणारं माणूस त्यांना भेटलं नव्हतं. नव्या भिंतींचा आकाशी उजेड तिच्या केसांत उतरला होता. नळ, रेडिओ, आजीची खुर्ची, एक पाटी तिनं सोडली नाही. नळाची तर तिनं न्हाणीघराच्या उंबऱ्याबाहेरूनच, मान लांब करून वाचली. सगळं फिरून झाल्यावर ती परत तिथं आली आणि या वेळी दारावरच्या लांब पाटीसमोर थांबली. थांबली ती थांबलीच. मग तिनं एक पाय दुसऱ्यावर ठेवला आणि हलकेच डोलू लागली.

काकांना हे ओळखीचं होतं. खरे रसिक असेच एका पायावर येतात.

“मेलंकली?” त्यांनी हळूच विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

“मॅजेस्टिक?”

नाही. तिनं डायनोसॉर छातीशी घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणी येऊ लागलं होतं आणि काकांजवळचे शब्द संपत आले होते. भूक लागली असेल का? पण ते विचारायचा शब्द लहान होता आणि मोठ्या शब्दांमागून तो काही आपोआप आला नव्हता. बिस्किट तरी द्यावं म्हणून ते धावत स्वयंपाकघरात गेले, ड्रॉवर ओढला आणि ड्रॉवरनं त्यांचं बोट धरलं.

“आई गं,” काका म्हणाले. आणि त्या कळीबरोबर त्यांच्या डोक्यातल्या पाहुण्यानं इतक्या दिवसांनी बॅग उघडली. कार्निव्होरस. मांसभक्षक. दर सकाळी.

आपण त्या पोरीला काय सांगून बसलो आहोत, हे त्यांना सबंधच्या सबंध दिसलं. त्याच्या पाठोपाठ काळ सरलेला रेडिओही आठवला. त्यांनी काकूंकडे चोरून पाहिलं. काकू गुणगुणत होत्या, गालावरची लाली अजून गेली नव्हती. तो खुलासा रात्रीच्या जेवणानंतर केला तरी चालेल, किंवा पुढच्या वर्षी, असं ठरवून काका बोट चोखत बाहेर पळाले. तेही करायला नको होतं. नात आणखी एक पाऊल मागे सरकली.

काका तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. दारावरची पाटी त्यांनी उपटली आणि फाडून तिचे तुकडे केले. आपल्या हातची पाटी फाडायची ही त्यांची पहिलीच वेळ. दार सताड उघडून त्यांनी आत डोकं घातलं आणि ते शाबूत बाहेर काढून दाखवलं. मग इंग्रजीत पुढे काहीच नसल्यामुळे ते मराठीत बोलू लागले. की बाळा, हे दार गरीब आहे. की मी कुणाला खात नाही. की मला तुझ्याशी बोलायचं होतं, फार दिवसांपासून, म्हणून हा सगळा पसारा मांडला आणि त्यातला एकही शब्द कामाचा निघाला नाही. असं ते पुष्कळ वेळ बोलले आणि मराठीत ते फार चांगलं बोलत.

नातीनं सगळं ऐकून घेतलं. उघड्या दाराकडे पाहिलं, तुकड्यांकडे पाहिलं, काकांच्या सुजलेल्या बोटाकडे पाहिलं. मग डायनोसॉर दुसऱ्या काखेत घेऊन तिनं ते बोट आपल्या मुठीत धरलं आणि त्यांना अगदी जवळ ओढलं. गॅलरीतल्या सगळ्या संध्याकाळी एकदम आठवल्या. तिची ओंजळ नव्हती, मूठ होती, पण शब्द आता येणार होता.

तो आला, त्यांच्या कानात, मराठीत, स्वच्छ उच्चारात.

“शू.”