सोपानच्या जागेबाबत ठराव क्रमांक अकरा

ज्या माणसाला एकच काम येतं, त्याला ते काम मिळतं. ज्याला दोन येतात, त्याच्याविषयी सभा भरवावी लागते. आमच्या कन्हेरीच्या सोपानला बॅटिंगही येत होती आणि बोलिंगही, त्यामुळे १९५४ साली त्याच्याविषयी एकूण तीन सभा झाल्या. गावच्या सहकारी सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने तिन्हींचं इतिवृत्त मी लिहिलं आहे आणि ते वाचनीय आहे.

वस्तुस्थिती अशी. सोपान पुण्याला कॉलेजात क्रिकेट शिकला आणि पुढे देशाच्या संघाच्या उंबरठ्यापर्यंत पोचला. (उंबरठ्यावर तो दोन वर्षं होता. बारावा गडी म्हणून त्यानं पाच सामन्यांत मैदानावर पाणी नेलं. पाणीवाटप कन्हेरीच्या माणसाकडे आलं, याचा गावाला अभिमानच होता.) मग परदेश दौऱ्यासाठी सोळा जण निवडायचे निघाले. पंधरा ठरले. सोपान सुट्टीवर घरी असताना बुधवारी तार आली : सोळाव्या जागेसाठी तुमचा विचार चालू आहे, आपण मुख्यतः बॅट्समन की बोलर, शनिवारी दुपारपर्यंत तारेनं कळवा.

उत्तर एका शब्दाचं होतं. एखाद्या बेजबाबदार गावानं ते एका शब्दात धाडलंही असतं. पण सोपानचे वडील गेणबा यांनी तार थेट सोसायटीचे चेअरमन मोहनराव यांच्याकडे आणली. वरून आलेल्या कागदाला ठरावाशिवाय उत्तर द्यायचं नाही, अशी आमची रीत आहे.

गुरुवारच्या सभेला एकोणीस सभासद हजर होते. त्यांपैकी क्रिकेट पाहिलेले दोन, त्यातही एकानं ते चालत्या गाडीतून पाहिलं होतं. उरलेल्या सतरा जणांचं मन त्यामुळे पूर्वग्रहापासून मुक्त होतं. सोपानही येऊन बसला, पण मोहनरावांनी त्याला उठवलं.

"सोपान, ज्याचा इषय त्यानं भाईर बसायचं. नियम हाय."

"तात्या, मला फकस्त एकच शब्द..."

"त्येच म्हनतो मी. तू बोललास की ठराव बाद!"

सोपान चपला घालून बाहेर लिंबाखाली जाऊन बसला.

चर्चेला शास्त्रीय बैठक दिली ती पंधरा एकर ऊस असलेल्या हिंदुरावांनी. "पाटाचं पानी आपल्याला ब्लॉकवर, म्हंजी सरकारनं नेमून दिल्याल्या तुकड्यावर मिळतं. तिसरा हिस्सा ऊस, ऱ्हायलेलं भुसार. ह्यो गडीबी तसाच धरा."

"व्हय, पर ऊस कशाला म्हनायचं? ब्याटिंगला का बोलिंगला?" मोहनरावांनी विचारलं.

इथे सभा दुभंगली. बॅट्समन बराच वेळ उभा राहतो, सबब बॅटिंग म्हणजे ऊस, असं दहा जणांचं मत पडलं. बोलिंगनं माणसाचा कस जातो, सबब बोलिंग म्हणजे ऊस, असं नऊ जणांचं. दोन्ही बाजू बिनतोड होत्या. शुक्रवारी तिघांची उपसमिती नेमून स्थळपाहणी करण्यात आली. उपसमितीनं खिडकीतून सोपानला न्याहाळलं आणि तो बसलेला असल्याचं नमूद केलं. (यावरून बॅटिंगच्या बाजूची दोन मतं फुटली.)

त्याच दुपारी सोपानची आई कुशाबाई दाराशी आली. "आवं, पोराची ट्रंक भरू का नगं, तेवढं तरी सांगा!" प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्यामुळे घेता आला नाही.

शनिवारी सकाळी गेणबा उठून उभे राहिले. "मोहनराव, पोरगं धा वरसं झटलंय. तुमी काय बी लिवा, पर दुपारच्या आत लिवा." मला फार वाईट वाटलं, आणि तशी नोंद मी केली.

साडेअकराला ठराव क्रमांक अकरा एकमतानं मंजूर झाला. तो असा : 'सदर इसम हा पाण्याच्या उपलब्धतेनुसार बॅट्समन अथवा बोलर समजण्यात यावा. मात्र एका ब्लॉकातील हिस्सा दुसऱ्या ब्लॉकात धरू नये.' याला अकरा ओळींची प्रस्तावना होती. ती तारेत मावेना आणि प्रस्तावनेवाचून ठराव उघडा दिसतो. म्हणून तो बारामतीहून रजिस्टर पोस्टानं, तीन प्रतींत रवाना केला. मंगळवारी तो पोचला, तशी पोच आमच्याकडे आहे.

रविवारच्या पेपरात मात्र सोळा नावं छापून आली होती. सोळावी जागा एका विकेटकीपरला मिळाली. त्याला विकेटकीपिंगखेरीज काहीच येत नाही, असं समजतं. गाव खचलं नाही. इतक्या अवघड विषयावर एकमत केल्याबद्दल मोहनरावांचा सत्कार झाला. हार सोपानच्याच हस्ते घातला, कारण गावात सर्वांत उंच तोच.

तीन दिवसांत सोपानला कुणी विचारलंच नाही, अशी टीका अलीकडे ऐकू येते. टीका मान्य आहे. आम्हाला नियमाची अडचण होती. वाचकहो, तुम्हाला कसली होती? सोपान सगळा वेळ बाहेर बसून होता आणि तुम्ही आमच्या मांडीला मांडी लावून, ऊस कशाला म्हणायचं याचा मनाशी निकाल लावत होतात. तुमचं नाव मी हजेरीत घेतलं आहे. सही करायला कधी येता?