मास्तरांची झटक्यांची वही

शनिवारी गाडीने सात झटके दिले. मास्तरांनी सातही वहीत लिहिले: जागा, गिअर, वेग आणि चालकाचा चेहरा.

मास्तरांनी बत्तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती. शहरातले निम्मे लोक आपल्यामुळेच जिवंत आहेत, असं त्यांचं शांत मत होतं. ड्रायव्हिंग स्कूल बंद करताना त्यांनी एक गाडी घरी ठेवली. तिला शेजारच्या सीटपाशी शिकवणाऱ्यासाठी जादा ब्रेक होता. त्याची तार सोडवून टाकायला त्यांनी गॅरेजवाल्याला सांगितलं होतं, त्यामुळे त्यांच्या लेखी तो आता नुसता शोभेला उरला होता.

त्यांची मुलगी गाडी शिकली चाळिशीत. सोमवारपासून तीस किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत तिची नवी नोकरी सुरू होणार होती आणि तिथे एकटीने गाडी नेण्याचा तिचा हट्ट होता. मास्तरांची अट एकच होती: आधी झटक्याचं निदान, मग किल्ली.

"बघ, पुन्हा दिला," पुलाच्या चढावर शेजारच्या सीटवरून मास्तर म्हणाले. "क्लच हळू सोड म्हणून किती वेळा सांगायचं?"

"बाबा, क्लच सोडून दोन मिनिटं झाली."

"मग दोन मिनिटांपूर्वी चुकीचा सोडला असशील."

इतक्यात मागचा गाडीवाला बरोबरीला आला आणि त्याने काच खाली केली. "ओ ताई, वेग वाढवताय आणि ब्रेकचे दिवेही लावताय! जायचंय की थांबायचंय, ते एकदा ठरवा की!"

मास्तरांनी वहीत नोंद केली: दिव्यांच्या वायरिंगमध्येही दोष.

गॅरेजवाला मास्तरांचाच जुना विद्यार्थी. त्याने त्या महिन्यात प्लग बदलले होते, पेट्रोलचा फिल्टर बदलला होता, कॉइल बदलली होती. त्या दिवशी त्याने ब्रेकच्या दिव्यांचा स्विचही बदलला. मग मुलीला स्टुलावर बसवून तो आणि मास्तर चाचणीला निघाले. चाचणीच्या वेळी मास्तर नेहमी मागे बसत, तसे बसले. इंजिनाचा खरा आवाज मागच्या सीटवरच कळतो, असा त्यांचा सिद्धांत होता.

दहा मिनिटांनी गाडी परत आली. "गाडी ठणठणीत आहे, मास्तर. एक झटका नाही."

गॅरेजवाल्याने मुलीकडे पाहिलं. मास्तरांनी पाहिलं. गॅरेजच्या कुत्र्यानेही मान वर करून पाहिलं.

"तू घाबरतेस का गं?" मास्तरांनी विचारलं. "घाबरलं की पाय थरथरतो."

"मी कशाला घाबरू?"

"मग सोमवारी मी येतो बरोबर. बसेन बाहेर पेपर वाचत."

"पहिल्या दिवशी कामावर वडलांना घेऊन जाऊ? शोभतं का ते?"

"मग झटका काय मी देतोय?"

परतीच्या वाटेवर तीन झटके बसले. घरी आल्यावर तिने चहा टाकला आणि मास्तरांनी वहीत बेरीज केली: आजचे एकूण दहा.

रविवारी सकाळी मास्तर बूट घालता घालता खुर्चीतच गेले. एक बूट घालून झाला होता.

नोकरी तीन आठवडे पुढे गेली. मग एका सोमवारी तिने खिळ्यावरची किल्ली घेतली. नको म्हणायला कुणी नव्हतं. चढावर तिने दात आवळून वेग वाढवला. गाडी सरळ वर गेली. परत येतानाही काही झालं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी ती गॅरेजमध्ये गेली आणि चोरीची तक्रार द्यावी तशा आवाजात म्हणाली, "झटका गेला."

"चांगलं झालं की, ताई."

"तुम्ही काय केलंत?"

"मी कुठे काय केलं?" म्हणत तो डॅशबोर्डाखाली बघायला शेजारच्या सीटवर बसला. मास्तरांच्या त्या जागेवर एरवी कुणी बसत नसे. त्याने पाय लांब केला, आणि गाडीमागची भिंत दिव्यांनी लाल झाली. पाय उचलला, भिंत पांढरी. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल.

त्याने जीभ चावली. "ताई... ती तार. मास्तर म्हणाले होते सोडव. मी हो म्हणालो, आणि राहूनच गेलं."

ती वाकली. त्या ब्रेकचं रबर मधोमध झिजून गुळगुळीत झालं होतं.

"त्यांना माहीत असेल?" तिने विचारलं.

"छे! बत्तीस वर्षांचा पाय तो. मालकाला विचारून थोडाच दाबतोय?" त्याने पान्याकडे हात नेला. "आत्ता सोडवून देतो, पाच मिनिटांचं काम."

"राहू दे," ती म्हणाली.

बाहेर येऊन तिने गाडीच्या खणातली मास्तरांची वही उघडली. पुलाचा चढ. शाळेचं फाटक. मागून ट्रक आला तेव्हा. वळणावर, समोरचं दिसत नसताना. महिनाभराच्या नोंदींत एकही झटका मोकळ्या, सरळ रस्त्यावरचा नव्हता. चालकाच्या चेहऱ्याच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द होता: घट्ट.

ती निघाली. पुलाच्या चढावर मागून ट्रक आला आणि त्याने हॉर्न दिला. तिने वेग वाढवला. गाडी निमूटपणे, एकसारखी पुढे जात राहिली. तिने डावीकडच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"बाबा, मला भीती वाटते," ती मोठ्याने म्हणाली. "पहिल्या दिवसापासून वाटते. दाबा ना."