आदेशच्या चौकशीला आलेले पाहुणे

ज्याला आपल्याकडून पैसे यायचे आहेत, त्याच्याइतकी आपली काळजी जगात कोणी करत नाही. मित्र विसरतात, भावकी रुसते, लेकी सासरी रमतात. वसुली विभाग मात्र रोज सकाळी न चुकता आठवण काढतो आणि फोन उचलला नाही तर जिवाला घोर लागून मामाला, मेहुण्याला आणि कंपनीतल्या सुपरवायझरलाही फोन करतो. ज्या घरात वर्षभर कोणी विचारपूस करत नसे, तिथं आता दिवसभर रिंग वाजते. (सणवार धरून.)

आमच्या गावातल्या आदेशला हे सुख यात्रेमुळे लाभलं. आमचं गाव कळंबच्या आत, डांबरी संपते तिथून पुढे. आदेश चाकणला कंपनीत कामाला, वय बत्तीस, लग्न व्हायचंय, आणि यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटावर माइकवर बोलणारा एकमेव माणूस. कंपनीच्या गेटवर टेबल मांडून बसलेल्या एका पोराने त्याला प्रवासाची बॅग फुकट दिली होती आणि बॅगेबरोबर क्रेडिट कार्ड. आदेशने बॅग वापरली आणि कार्ड पाकिटात जपून ठेवलं.

यात्रा दोन दिवसांची. पहिल्या दिवशी घाटावरच्या गर्दीत कुणीतरी त्याचं पाकीट मारलं. त्याच्या ध्यानात आलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कारण यात्रेत माइकवाल्याला चहाचेसुद्धा पैसे काढू देत नाहीत. दरम्यान कार्ड नाशिकला जाऊन बूट, गॉगल, अत्तर आणि इयरफोन घेऊन बसलं होतं. पिन विचारला जाऊ नये इतपतच प्रत्येक खरेदी होती, म्हणजे चोर नियमात राहणारा होता. शेवटी त्याने एका सलूनमध्ये पाच हजारांपेक्षा थोडे कमी देऊन केस सरळ करून घेतले.

आदेशला केस नाहीत. ही गोष्ट त्याने बँकेला फोटोसह कळवली. बँकेने नम्रपणे उत्तर दिलं, की डोक्याची सद्यस्थिती हा पुरावा होऊ शकत नाही, व्यवहारानंतरही केस जाऊ शकतात. उत्तरात चूक काढायला जागा नाही. कार्ड बंद करायला फोन केला तेव्हाही बँकेच्या बाईंनी आवाज न चढवता कार्डावरचा नंबर कार्डावर बघूनच सांगायला सांगितलं होतं. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, तिथं ‘चोरी’ऐवजी ‘गहाळ’ लिहून मिळालं. चोरी लिहिली की चोर शोधावा लागतो. गहाळ लिहिलं की तालुक्यात चोऱ्या कमी होतात आणि जनतेला सुरक्षित वाटतं.

चोराच्या खरेदीच्या साठ हजारांचे व्याज आणि दंडासह ऐंशी झाले, आणि एका सकाळी दोन माणसं मोटारसायकलवरून गावात आली. एक बारीक, हातात फाइल. दुसरा आडदांड, न बोलण्यासाठी नेमलेला.

कर्जाची बाब तिसऱ्या माणसापाशी काढू नये असा नियम आहे. वसुलीवाल्यांनी तो आयुष्यात एकदाच पाळला, तो नेमका आमच्या गावात. चांगदेवच्या चहाच्या टपरीवर बसून बारीक माणूस एवढंच म्हणाला, “आदेशची जरा चौकशी करायची होती.”

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. मुलाची चौकशी करायला परका माणूस आला, की तो मुलीकडचा असतो. हल्ली मुली मिळत नाहीत. (गावात तिशी ओलांडलेले बिनलग्नाचे सव्वीस. सत्ताविसावा आपण एकोणतीसचेच आहोत म्हणतो.) म्हणून आमच्यात एक अलिखित ठराव आहे, की पाहुण्यासमोर कुणाच्याही पोराची उणी गोष्ट काढायची नाही, भांडण असलं तरी.

“आदेश व्हय?” चांगदेवने फडक्याने बाकडं पुसलं. “पावणं, लई गुणाचं पोरगं. सुपारीचं खांड खात नाय.”

“शेती?”

“बारा एकर. समदी बागायत. दोन हिरी, वर नदीवरनं पाइपलाइन.” (खरी शेती सव्वा एकर, तीही चुलत्यांशी वादात.)

“देणं वगैरे?”

“देनं? आवं, त्योच लोकान्ला देतो!”

मी पतपेढीचा संचालक. मीही पदाला शोभेल असा हातभार लावला आणि आदेशला चाकणला दोन फ्लॅट दिले. बारीक माणूस सगळं लिहून घेत होता. इतका मन लावून ऐकणारा व्याही आम्ही पाहिला नव्हता.

पाहुणे घरी गेले. आदेश ड्युटीवर होता. त्याच्या आईने, कुशाबाईने, पोहे केले आणि मुलगी किती शिकलीय ते विचारलं. ते गप्प बसले, त्यावरून माणसं खानदानी आहेत असं तिने ताडलं. निघताना तिने दोघांना टॉवेल-टोपी दिली. वसुलीला जाऊन टोपी घालून परत आलेले देशातले हे बहुधा पहिलेच अधिकारी.

आठवड्याने आदेशला नोटीस आली. ऐपत असूनही जाणूनबुजून देणं टाळणारा इसम, मालमत्ता: बारा एकर, दोन विहिरी, दोन फ्लॅट.

गाव हळहळलं. आमच्या हातून चूक झाली तर आम्ही ती लगेच दुरुस्त करतो. देवळात बैठक झाली आणि एकमताने ठरलं, की पुन्हा कोणी आदेशची चौकशी करायला आलं तर त्याच्याकडे फुटकी कवडी नाही असं सांगायचं. या ठरावाची अंमलबजावणी जितकी चोख झाली, तितकी ग्रामपंचायतीच्या एकाही ठरावाची झालेली नाही.

कारण पुढच्याच रविवारी निमगाव सावाहून बाळासाहेब आले. त्यांची मुलगी तेजस्विनी. तिने यात्रेत आदेशचं माइकवरचं बोलणं ऐकलं होतं, मग माणूसही पाहिला होता, आणि तिला तो पसंत होता, डोक्यासकट. बाळासाहेब पुतण्याला घेऊन टपरीवर टेकले. हातात फाइल होती, मुलीची पत्रिका ठेवलेली.

“आदेशची जरा चौकशी करायची व्हती,” ते म्हणाले.

चांगदेवने चहासुद्धा विचारला नाही. “त्याच्या नादाला लागू नका, राव. शेती गेली. घर आज पडतंय का उद्या. कंपनीनं हाकाललाय. येक रुपाया हाती लागायचा न्हाई तुमच्या.”

मी दोन्ही फ्लॅट परत घेतले.

बाळासाहेब तरीही घरी गेले. कुशाबाईने दाराची कडी न काढता आतून सांगितलं, “मला पोरगाच न्हाई.”

खरं काय ते तिला संध्याकाळी कळलं. ती रडली, आणि ते रडणं ऐकवत नव्हतं. तेजस्विनीने आदेशला फोन केला. “आण्णा म्हणत्यात, सख्खी आई जिथं न्हाई म्हणती तिथं पोरगी कशी द्यायची? तू बँकेचं पत्र आण, काय देणं न्हाई म्हणून. पाडव्यापर्यंत मी थांबते. मग माझ्या हातात काय ऱ्हायचं न्हाई.”

बँकेने या वेळी मोठं मन दाखवलं. नाशिकला खरेदी चालू असताना ग्राहक घाटावर होता, असं दोन प्रतिष्ठित व्यक्तींनी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं, पत्र मिळेल. यात अवघड काहीच नव्हतं. केस सरळ होत होते त्या तासाला आदेशचा आवाज अख्ख्या पंचक्रोशीला ऐकू जात होता. ज्यांना ऐकायचा नव्हता त्यांनाही.

यात्रेतले भोंगे अमजदभाईंचे. ते म्हणाले, “आवाज माझ्या भोंग्यातून गेला, मला ठाव नसंल तर कुनाला?” घोडेगावला तालुक्याच्या कचेरीत जाऊन सही करून आले. दुसऱ्या दिवसापासून वसुली विभाग त्यांचीही आठवण काढतो, रोज सकाळी.

ते पाहून गाव विचारात पडलं. चांगदेव म्हणाला, “बोलाया आपन कदी मागं सरलो का? पन सही म्हंजी कागूद झाला ना, राव.” आणखी एकाचा यात्रेच्या दिवशी नेमका कान दुखत होता. मी स्वतः तयारच होतो, पण पतपेढीची निवडणूक तोंडावर आहे, आणि पदावरच्या माणसाने खरं बोलताना तारतम्य ठेवावं लागतं. आदेश प्रत्येकाच्या दारात जाऊन आला आणि प्रत्येकाने त्याला चहा पाजला.

पाडव्याला चार दिवस आहेत. एक सही कमी आहे. बँकेची अट प्रतिष्ठित असण्याची आहे, गावचं असण्याची नाही. तेव्हा मला तुमची आठवण झाली. तुमचं आदेशशी वाकडं नाही, तुमची निवडणूक नाही, आणि तो निर्दोष आहे याबद्दल तुमच्या मनात एव्हाना तिळमात्र शंका उरलेली नाही. पूर्ण नाव, आधार क्रमांक आणि सकाळी उचलाल तो फोन नंबर, एवढंच लागतं.

काय म्हणता? तुम्ही नुसते वाचत होता?

हरकत नाही. आम्हीही नुसते ऐकतच होतो.